बूच खिशात, होडी पाण्यात

नोलीन बक्सटनच्या पँटच्या उजव्या खिशात कायम एक जुना पायमोजा असतो. गुडघ्यापर्यंतचा, कातडीच्या रंगाचा, नायलॉनचा. टिन कॅन बेच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात हौशी मासेमारीच्या नव्या होड्यांची पारख होते, तेव्हा परीक्षक म्हणून ती हा मोजा हातात घालते. कोपरापर्यंत चढवते आणि हात होडीच्या अंगावरून सावकाश फिरवत नेते: काठाच्या खालून, झाकणाच्या आतून, बाकाच्या मागून, जिथे गिऱ्हाईक जन्मात वाकून बघत नाही तिथून. मोजा कुठे अडकला की ती थांबते, मान वर करते, आणि कारखान्याच्या माणसाच्या तोंडचं पाणी पळतं.

रंग, स्पीकर, मासे दाखवणारा पडदा यांच्याकडे ती ढुंकून बघत नाही. "चमकवायला काय, बायका पातेलीसुद्धा चमकवतात," म्हणते. गळाला मासा लागला की माणूस वेडा होतो, हात कुठे घालतोय याचं त्याला भान राहत नाही, आणि नेमकी त्याच वेळी न घासलेली अ‍ॅल्युमिनियमची कड तळहात फाडते. शिवाय ज्याने कडा घासायचा कंटाळा केला, त्याने तळाचे सांधेही तसेच उरकलेले असणार. हे तिचं गणित आहे आणि ते सहसा चुकत नाही.

मोज्याची युक्ती तिला धाकट्या बहिणीच्या लग्नात सापडली. जेवणं चालू होती, पण भरती अशी झकास लागली होती की नोलीन आणि तिचा नवरा डेस गुपचूप उठले आणि नव्या होडीतून मुडदुशे मासे धरायला गेले, लग्नाच्या कपड्यांतच. परतली तेव्हा पायातल्या मोज्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. होडी तिच्याच कारखान्यातली, कडा तिनेच बोटांनी तपासून पास केलेल्या. बहीण रुसून बसली होती आणि ही सगळ्यांना फाटका मोजा दाखवत सुटली, "बोटाला कळलं नाही ते याला कळलं, बघा!"

मेरीबरोच्या त्या कारखान्यात ती मुळात गाद्या शिवायला लागली होती. पलीकडे वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या आणि हिचे हात शिवशिवायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने कुणाचा तरी मुखवटा चढवला आणि दोन पत्रे जोडून टाकले. मुकादम शिव्या देत आला, सांधा उलटसुलट करून बघितला आणि शिव्या गिळल्या. त्यानंतर तिने सुईला हात लावला नाही. पुढे तिने अर्ध्या गावाला वेल्डिंग शिकवलं. फक्त कौतुक करायला ती कधी शिकली नाही. "चालेल" हा तिच्या कोशातला सगळ्यात मोठा शब्द. तो ऐकलेली माणसं मेरीबरोत अजून तो प्रसंग दारूच्या टेबलावर सांगतात.

तिच्या मुलीला, टेगनला, तो शब्द कधी मिळाला नव्हता. टेगन आईच्याच हाताखाली तयार झाली, आईच्याच कारखान्यात राबली आणि दरवेळी "बघू" एवढंच ऐकून घरी गेली. गेल्या वर्षी तिने नोकरी सोडली, गावाबाहेर एक शेड घेतली आणि स्वतःची पहिली होडी बांधायला काढली. आईला शेडचं दारसुद्धा दाखवलं नाही.

"एकदा बघून तर जाऊ दे," नोलीन म्हणायची.

"पारखीला बघ," टेगन म्हणायची. "सगळ्या जगाबरोबर."

आणि पारखीच्या दिवशी, उन्हात चमकणाऱ्या त्या सकाळी, नोलीनला कळलं की ते बघणंही लांबूनच आहे.

"घरच्या होडीला हात लावायचा नाही," मर्व म्हणाला. मर्व ओडी म्हणजे परीक्षकांतला मुख्य, जुना होडीचालक, पोट मोठं आणि आवाज त्याहून मोठा. "नियम तूच केलायस, विसरलीस की काय?"

"हात नाही लावत. जरा जवळून बघते."

"तुझं जवळून बघणं मला माहीत आहे. दहा पावलं लांब थांब. आणि रिकामी बसलीस तर जीव खाशील आमचा, म्हणून बुचं सांभाळ."

बुचांचं काम असं असतं. प्रत्येक होडीच्या मागच्या बाजूला, अगदी बुडाशी, पाणी निघून जायला एक भोक असतं आणि त्याला आट्यांचं बूच. पारखीत आधी होडी जमिनीवरच ट्रेलरवर ठेवून आतून नळीने धुतात, पाणी कुठे साचतं ते बघायला. त्यासाठी बूच काढतात. मग होडी पाण्यात सोडण्याआधी ते पुन्हा बसवायचं, एवढंच. पण या किनाऱ्यावर असा माणूस शोधून सापडायचा नाही जो आयुष्यात एकदा तरी बूच विसरून होडी पाण्यात सोडून बसलेला नाही. पाद्री विसरलाय, पोलीस विसरलाय. दंडही ठरलेला आहे: विसरेल त्याने सगळ्यांना बिअरची पेटी पाजायची. नोलीन मात्र कधी विसरली नव्हती. ती बूच बसवायची, पिळून बघायची, ट्रेलर उतारावर लागला की परत वाकून बघायची. त्यामुळे हे काम तिला देताना मर्वच्या मनात शंकाही आली नाही.

टेगनची होडी आली तेव्हा नोलीनच्या हातातला सॉसेज-पाव हातातच राहिला. रंग नव्हता, नुसता उघडा पत्रा, सकाळच्या उजेडात चांदीसारखा. काठ रुंद आणि बसका. सांधे लांबून दिसत होते तेवढे सरळ होते. पण लांबून सगळंच सरळ दिसतं, असं तिने स्वतःच्या मनाला बजावलं.

तपासायला दुसरा परीक्षक, तेविता, गेला. तेविता मूळचा टोंगा बेटांवरचा, मेरीबरोत इंजिनं दुरुस्त करतो, दंड असे की दोघांचे दंड एकत्र केल्यासारखे. त्याने नोलीनकडून मोजा मागून घेतला आणि तो त्याच्या मनगटापुढे चढेना.

"अरे फाडशील," नोलीन लांबून ओरडली. "डेसपेक्षा जास्त जपलाय मी तो."

"मग डेसपेक्षा जास्त टिकेलही," तेविता म्हणाला, आणि बोटांपुरता मोजा घालून होडीत उतरला.

नोलीन त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मोजा अडकला की माणसाचा खांदा जरासा थबकतो, हे तिला ठाऊक होतं. तेविताचा खांदा काठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि थबकला नाही. टेगन पुढच्या बाजूला पट्टे सोडत होती आणि आईकडे मुद्दाम बघत नव्हती.

मग नळी लागली, पाणी वाहून गेलं, तेविताने मोजा परत दिला, आणि नोलीन बूच हातात घेऊन पुढे निघाली. एवढ्यात मध्ये ब्रेंट आला. ब्रेंट एका मोठ्या कंपनीचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, नवेकोरे बूट. दर वर्षी त्याच्या होडीत नोलीनचा मोजा तीनचार ठिकाणी अडकायचा, तो राग त्याने जपून ठेवला होता.

"काय बाई, आज आरामात? घरचीच होडी, घरचेच परीक्षक. गुण घरीच मोजून आणलेत का?"

नोलीनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी हातसुद्धा लावलेला नाही."

"हात लावायची गरज काय? सगळा किनारा तुमच्या मोज्याला घाबरतो. टेगनच्या होडीला कोण नावं ठेवणार?"

"तुझ्या होडीचं झाकण गेल्या वर्षी बंद होत नव्हतं, ते होतं का आता? आधी ते बघ. माझ्या मुलीला गुण मिळाले तर तिच्या हाताचे मिळतील, नाही मिळाले तर तेही तिच्याच हाताचे. कळलं?" असं बोलता बोलता तिने हातातली वस्तू खिशात कोंबली, कारण दोन्ही हात कमरेवर ठेवल्याशिवाय तिला नीट भांडता येत नाही.

भांडण संपलं तोवर होडी पाण्यात गेली होती. मर्व आणि तेविता लाइफजॅकेट घालून आत बसले, इंजिन सुरू झालं, आणि टेगनची होडी खाडीच्या मध्यावर अशी उसळत निघाली की किनाऱ्यावरच्या माणसांनी चहाचे पेले खाली ठेवले.

"वळवतोय बघ," टेगन आईच्या शेजारी येऊन म्हणाली. "बघ, कशी वळते."

होडी वळली. लाटेवर आपटली, पण दणका आला नाही, नुसतं पाणी बाजूला सरकलं. पत्र्याचा खडखडाट नाही. नोलीनच्या कपाळावर हिवाळ्यातही घाम आला. तो पुसायला ती खिशातून मोजा काढायला गेली, तर मोज्याबरोबर काहीतरी टणक हाताला लागलं.

तिने ते चाचपलं आणि मुठीत घट्ट धरलं.

"टेगन."

"काय गं?"

नोलीनने मूठ उघडली.

टेगनने बुचाकडे बघितलं, मग आईकडे. "कोणाचं हे?"

"तुझं."

दोघींनी एकदम खाडीकडे बघितलं. होडी धावतेय तोवर भीती नाही, धावती होडी त्या भोकातून पाणी उलट बाहेर ओढते. थांबली की पाणी आत. आणि पारखीत होडी थांबवतातच. थांबवून दोघांनी एकाच काठावर उभं राहून ती किती कलते ते बघायचं, मग गळ टाकून निवांत बसायचं. जिवाला धोका नव्हता, बचाव पथकाची पिवळी होडी जवळच घिरट्या घालत होती. पण टेगनची पहिली होडी सगळ्या किनाऱ्यासमोर बुडाशी पाणी भरून खाली बसली, तर तिच्याकडे कोणी पुन्हा वळून बघणार नव्हतं. आणि हे करणारी नोलीन होती, जी आयुष्यात कधी बूच विसरली नव्हती.

"फोन कर मर्वला," ती म्हणाली, आणि लगेच आठवलं. परीक्षकांचे फोन पाण्यात न्यायचे नाहीत, कंपन्यांची माणसं कान खातात. सगळे फोन टेबलाखालच्या बादलीत. हाही नियम तिचाच. ती पिवळ्या होडीला हाक मारायला धावली, तर टेगनने तिची बाही धरली.

"थांब."

"थांब काय? पाणी भरेल!"

"तळाच्या मधल्या पन्हळीत भरेल, तेवढंच. बाजूचे हवेचे कप्पे बंद आहेत. एकेक वेगळा जोडलाय."

"बंद आहेत म्हणजे? कोणी बघितलं?"

"मी बघितलं. प्रत्येकात हवा भरून, वरून साबणाचं पाणी लावून. बुडबुडा आला की घासून परत जोडला. काही काही सांधे इतक्यांदा केले की रडू आलं."

"पंप तरी आहे का?"

"आहे, पण बटण दाबलं तर चालतो. त्यांना काय स्वप्न पडणार आहे?"

"सगळे कप्पे बघितलेस?"

"तू बघितले असतेस तेवढे," टेगन म्हणाली. तिने बाही सोडली नव्हती. "आई, आता ती परत बोलावली तर माझे सांधे टिकतात का ते मला आयुष्यभर कळणार नाही."

नोलीनला ते ऐकून काय वाटलं ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. भीती होती, राग होता स्वतःचा, आणि त्या सगळ्याच्या खाली एक अशी मजा होती की जी तिला मुखवटा चढवून पहिला सांधा जोडताना आली होती. ती थांबली.

होडी खाडीच्या मध्ये उभी राहिली. मर्व आणि तेविता एका काठावर आले. होडी कलली, तेविताच्या वजनाला कललीच, आणि तिथेच स्थिरावली. मागची बाजू हळूहळू खाली गेली. नोलीनने दुर्बीण डोळ्यांना लावली होती, टेगनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. अजून जराशी खाली. बातमी आता किनाऱ्यावर पसरली होती. सॉसेज भाजणारा माणूस चिमटा घेऊनच पुढे आला होता. अजून एक बोटभर. आणि मग मागची बाजू खाली जायची थांबली.

"थांबली," नोलीन म्हणाली. "टेगन, थांबली!"

"आता परत या म्हणावं," टेगन बोटांच्या फटीतून पुटपुटली.

परत कसले येतात. मर्वने गळ टाकला. लगेच काठी वाकली, त्याने मुडदुसा वर घेतला आणि किनाऱ्याकडे बघून तो हवेत नाचवला. मग दुसरा गळ टाकला.

"ऊठ रे मेल्या," नोलीन दुर्बिणीतून त्याला सांगत होती. "घरी फ्रीझर भरलाय तुझा. ऊठ."

तिसरा मासा निघाल्यावर तो उठला. इंजिन लागलं, होडीने मागचं टोक झटकलं आणि ती पाणी ओतत सरळ उतारावर आली. ट्रेलरवर चढताना भोकातून शेवटचं पाणी पिचकारीसारखं मर्वच्या पायावर उडालं.

"मस्त होडी," मर्व म्हणाला. "थांबल्यावर मागून किंचित जड वाटली, म्हणून एक गुण कापलाय."

नोलीनने त्याच्यापुढे बूच धरलं.

मर्वने बूच बघितलं, भोक बघितलं, खात्री करायला त्या भोकात बोट घातलं, आणि मग असा हसत सुटला की तेविताला त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. "नोलीन बक्सटन! नोलीन बूच विसरली! पेटी! दोन पेट्या आणा!"

"रद्द करा," ब्रेंट म्हणाला. "बूच नसताना घेतलेली परीक्षा धरता येत नाही. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे."

"बरोबर बोलतोय तो," नोलीन म्हणाली. "चूक माझी आहे. होडी पुन्हा घ्या, बूच लावून."

मर्व डोळे पुसत उभा राहिला. "नियम सारखा पाहिजे हे मान्य. मग असं करू, आता सगळ्याच होड्या बूच काढून नेऊ."

कंपन्यांची माणसं आपापल्या होड्यांकडे बघायला लागली, जशी काही पहिल्यांदाच बघत होती. एकाला आठवलं की त्याला लांब जायचंय. दुसऱ्याने सांगितलं, त्याच्या होडीला ऊन मानवत नाही, म्हणजे ऊन नाही, काय ते, ओल.

"आमच्या गिऱ्हाइकाला असल्या परीक्षेची गरज नाही," ब्रेंट म्हणाला.

"का, तुमची गिऱ्हाइकं बूच विसरत नाहीत?" तेविताने विचारलं.

सगळा किनारा हसला, कारण सगळा किनारा कधी ना कधी विसरला होता. ब्रेंटचे कान लाल झाले. पण तो भ्याड नव्हता, हे नोलीनने नंतरही कबूल केलं. त्याने स्वतःच्या हाताने आपल्या होडीचं बूच काढलं, स्वतः आत बसला आणि मर्वला घेऊन गेला. मध्यावर जाऊन थांबला. मागची बाजू खाली गेली, आणि जातच राहिली. पिवळी होडी जवळ सरकली. पाणी पायाखालच्या फळ्यांवर आलं तेव्हा मर्वनेच इंजिन सुरू केलं. उतारावर ब्रेंट उतरला, काठावर बसला, बूट काढून उलटा केला आणि त्यातून पडणाऱ्या पाण्याकडे बघून त्यालाही हसू फुटलं.

"हा कप्पा कोणी जोडला ते मी उद्या विचारणार आहे," तो म्हणाला. मग टेगनला म्हणाला, "तुझ्या शेडमध्ये माणसं घेतेस का?"

वर्षातली सगळ्यात चांगली होडी म्हणून मान मिळाला तो एका मोठ्या, केबिनवाल्या होडीला. तिचं इंजिन खरोखर अप्रतिम होतं आणि त्यावर कोणी वाद घातला नाही. पण बांधणीचा मान टेगनला मिळाला. बाकी कोणी बूच काढायला तयार झालं नाही, तेव्हा तिची परीक्षा तशीच धरली गेली आणि मर्वने कापलेला गुण परत दिला. जिंपी गावचा होड्यांचा एक दुकानदार तिचा नंबर घेऊन गेला, आणि जाताना हसत म्हणाला, जाहिरातीत बुचाचं लिहीन.

गर्दी पांगली. पेट्या रिकाम्या झाल्या. पाणकोळी पक्षी सॉसेजच्या भट्टीभोवती रेंगाळत होते. पारख संपली होती, म्हणजे नियमही संपला होता. नोलीनने मोजा कोपरापर्यंत चढवला.

"आता लावू हात?"

"लाव," टेगन म्हणाली, आणि ट्रेलरला टेकून उभी राहिली, शाळेतल्या मुलीसारखी.

नोलीन होडीत शिरली. डोळे मिटले. काठाच्या खालून, झाकणाच्या आतून, बाकाच्या मागून. तिने अजिबात घाई केली नाही. मागच्या कोपऱ्यात, जिथे तेविताचा दंड शिरलाच नसता, तिथे तिचा खांदा थबकला.

"इथे," ती म्हणाली.

टेगनने वाकून बघितलं, खिशातून कानस काढली, पाचसहा वेळा घासली. नोलीनने पुन्हा हात फिरवला. मोजा सरकला.

टेगन तिच्या तोंडाकडे बघत राहिली. नोलीनने मोजा काढला, घडी घातली, खिशात ठेवला, आणि ती ट्रेलर मागे घ्यायला लागली. "चल, एक चक्कर मारू. भरती आहे अजून."

होडी पाण्याला टेकली तेव्हा टेगनने सवयीने मागे वाकून बघितलं. भोक उघडंच होतं.

"आई, बूच?"

नोलीनने ते खिशातून काढलं, उताराच्या कडेच्या लाकडी खांबावर ठेवलं आणि होडीत चढून बसली.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली. "मला निवांत मासे धरायचेत. खाडीच्या मध्यावर थांबव."

टेगनला किल्ली लावायला जरा वेळ लागला.